टगबोटीसाठी रेडिओ कुठला घ्यायचा? चॅनेल मोजायच्या आधी स्टिकचा स्प्रिंग बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या एका गृहस्थांनी प्लायवूड आणि फायबरमधे रेडिओ कंट्रोलवर चालवायची ९० सेंटिमीटरची मॉडेल हार्बर टग (बंदरात मोठी जहाजं ओढणारी बोट) बांधलीय, दोन प्रॉप (पाण्यातले पंखे), दोन रडर (सुकाणू), दोन ५५५ साइझच्या ब्रश्ड मोटर, आणि बॅलास्ट म्हणा बॅटरी म्हणा, यूपीएसमधे असते ती १२ व्होल्ट ७ एएचची लेड ॲसिड. हल म्हणजे बोटीचं अंग तयार, रंग झाला, आता रेडिओ घ्यायचाय. भाचा ड्रोन उडवायचा, त्याचा फ्लायस्काय एफएस-आय६ हा सहा चॅनेलचा सेट (म्हणजे सहा गोष्टी वेगवेगळ्या चालवता येणारा) घरात पडून आहे. दुकानदार म्हणतोय दहा चॅनेलचा घ्या, कोणीतरी सांगितलं बोटीला पिस्तूल ग्रिपच (बंदुकीसारखा धरायचा, ट्रिगरवाला सेट) लागतो, आणि परदेशातून आलेला एक जुना क्रिस्टलवाला सेटसुद्धा आहे. रेंज किती लागेल आणि पैसे कशावर घालायचे?

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. भाच्याचा आय६ घ्या. नवीन ट्रान्समीटर आत्ता अजिबात घेऊ नका, ते पैसे दोन बरे ईएससी (मोटरचा वेग आणि दिशा सांभाळणारे कंट्रोलर), एक वेगळा बीईसी (रिसीव्हरला वीज पुरवणारा), एक चांगला सर्वो (रडर फिरवणारी छोटी मोटर) आणि फ्यूज यांच्यावर घाला. पण तो आय६ जसा ड्रोनला लावला होता तसाच बोटीला लावला तर त्रास होणार, कारण तो सेट विमानाच्या डोक्याने बनवलाय. खरं तर रेडिओ कंट्रोलचा जन्मच बोटीत झालाय, निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे पाण्याच्या टाकीत बोट चालवून दाखवली होती आणि त्याच वर्षी पेटंटही घेतलं, पण आज बाजारात जो सेट मिळतो तो एकतर विमान-ड्रोनचा नाहीतर कारचा. बोटवाल्याला कायम दुसऱ्याचे कपडे अल्टर करून घालायचे असतात. तेव्हा कुठला सेट भारी यापेक्षा कुठे काय अल्टर करायचं हे जास्त महत्त्वाचं.

सगळ्यात पहिली गोष्ट, डाव्या स्टिकचा स्प्रिंग. मोड २ च्या, म्हणजे नेहमीच्या मांडणीच्या सेटमधे डावी उभी स्टिक म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग), चॅनेल ३, तिला स्प्रिंग नसतो, ती जिथे सोडाल तिथे राहते, टकटक टकटक करत सरकते. विमानाला ते बरोबर आहे कारण विमानाचं थ्रॉटल शून्यापासून फुलपर्यंत एकाच दिशेला जातं. बोटीला मधे न्यूट्रल, वर फॉरवर्ड, खाली रिव्हर्स. म्हणजे बोट थांबवायची तर स्टिक बरोब्बर मधे आणायला लागते, आणि ती मधे आलीय की नाही हे बोटाला कळत नाही, खाली बघायला लागतं, आणि तुम्ही खाली बघता तेवढ्यात टग घाटाच्या पायरीला लागलेली असते.

याच्यापेक्षा बेक्कार प्रकार पुढे आहे. आय६ चालू केला की तो आधी सगळे स्विच वर आहेत का आणि थ्रॉटल तळाला आहे का ते तपासतो, नसेल तर वॉर्निंग देऊन अडून बसतो. ड्रोनसाठी ती सेफ्टी आहे. पण बोटीत थ्रॉटल तळाला म्हणजे फुल रिव्हर्स! तुम्ही इमानदारीत स्टिक खाली घेतली, सेट चालू झाला, लगेच बोटीचा स्विच टाकला, तर दोनपैकी एक होणार. शहाणा ईएससी असेल तर न्यूट्रल मिळेपर्यंत नुसता बीप करत बसेल. पण बरेच स्वस्त ईएससी चालू होताना जी पोझिशन दिसेल तिलाच न्यूट्रल समजतात, म्हणजे मग स्टिक मधे आणली की बोट अर्ध्या ताकदीने पुढे निघाली आणि रिव्हर्स गायब. मग माणूस ईएससी खराब आहे म्हणून परत करायला जातो.

यावर उपाय फुकट आहे. मोटर चॅनेल ३ ला लावूच नका, चॅनेल २ ला लावा. चॅनेल २ म्हणजे उजवी उभी स्टिक, विमानात एलिव्हेटर, तिला स्प्रिंग आहे, सोडली की मधे येते. रडर चॅनेल १ ला लावला तर सगळं उजव्या हातात येतं, चॅनेल ४ ला लावला तर रडर डाव्या अंगठ्यावर आणि मोटर उजव्या. मला दुसरं जास्त आवडतं, कारण एकाच स्टिकवर दोन्ही असलं की वळताना नकळत स्पीडही बदलतो, टगसारख्या हळू बोटीत ते लगेच जाणवतं. डावी थ्रॉटल स्टिक मग मोकळी राहते, तिच्यावर पुढे वॉटर मॉनिटरचा (पाण्याचा फवारा मारणाऱ्या नळीचा) पंप, विंच वगैरे लावता येईल, आणि चालू करताना ती खाली असली तरी काही बिघडत नाही.

आता खरं सांगायचं तर टगवाल्यांमधे उलटं मत असणारेही आहेत आणि त्यांचंही चूक नाही. टग म्हणजे काय, तासभर एका स्पीडने बार्ज ओढणार. स्प्रिंगवाली स्टिक तेवढा वेळ दाबून धरायची म्हणजे अंगठा कामातून जातो. त्यांना बिनस्प्रिंगची स्टिकच हवी असते, स्पीड लावा आणि सोडून द्या, खऱ्या बोटीच्या टेलिग्राफसारखं, म्हणजे इंजिनाचा वेग सांगणाऱ्या हँडलसारखं. तसं करायचं असेल तर सेट असा हवा जो स्टिक मधून जाताना बीप देतो. एजटीएक्स नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारे रेडिओमास्टर कंपनीचे सेट देतात, त्यात प्रत्येक स्टिकला सेंटर बीप लावता येतो, चालू करतानाची थ्रॉटल वॉर्निंगही बंद करता येते. आय६ वर हे जमवायचं म्हणजे कडेला मार्करने रेघ ओढायची आणि चालू करायचा क्रम पाठ करायचा: सेट चालू, मग स्टिक मधे, मगच बोट चालू. बंद करताना आधी बोट, मग सेट, हे तर कुठल्याही सेटला.

आता फेलसेफ, आणि इथे जरा थांबा कारण टग बुडण्यापेक्षा टग पळून जाण्याचे किस्से जास्त असतात. फेलसेफ म्हणजे सिग्नल तुटला की बोटीतल्या रिसीव्हरने काय करायचं ते आधीच सांगून ठेवणं. आय६ मधे तो मुळात बंद असतो, प्रत्येक चॅनेलला वेगळा चालू करायला लागतो. ओके लांब दाबून मेन्यूत जा, सिस्टिम, तिथे आरएक्स सेटअप, त्यात फेलसेफ, मोटरचं चॅनेल निवडा, स्टिक न्यूट्रलला असताना ऑन करा आणि मग कॅन्सल बटण लांब दाबून धरा. हो, कॅन्सल! या सेटमधे सेव्ह करायचं म्हणजे कॅन्सल दाबून धरायचं, कोणाच्या डोक्यातून हे आलं माहीत नाही, पण अर्ध्या लोकांचा फेलसेफ यामुळेच सेव्ह होत नाही. आणि रडर ४ वर, मोटर २ वर असं बदललं असेल तर फेलसेफ २ लाच लावा, सवयीने ३ ला लावून उपयोग नाही.

लावला म्हणजे झालं असं नाही, टेस्ट करा. बोट स्टँडवर, प्रॉप हवेत मोकळे, मोटर हळू फिरवत ठेवा आणि सेट बंद करून टाका. दोनेक सेकंदांत मोटर थांबली पाहिजे. मग दुसरी टेस्ट, जी कोणी करत नाही: सेट चालू, मोटर फिरतेय, आणि रिसीव्हरमधून ईएससीची सिग्नलची पिन उपटा. हे वेगळं आहे, कारण पहिल्या केसमधे रिसीव्हर जिवंत आहे आणि तो न्यूट्रल पाठवतोय, दुसऱ्या केसमधे काहीच येत नाहीये, जे पाण्यात रिसीव्हरचा सप्लाय गेल्यावर होतं. तेव्हा थांबायचं काम एकट्या ईएससीचं. जो ईएससी इथे थांबत नाही तो बोटीत घालू नका, कितीही स्वस्त असू दे.

रडरला फेलसेफ कुठे ठेवायचा याच्यावर लोक भांडतात, पण मोटर बंद असेल तर रडर कुठेही असला तरी काय फरक, वारा बोट नेईल तिकडे जाईल. म्हणून बोट सोडताना वारा ज्या काठाकडे वाहतोय त्या काठावर उभे राहा, म्हणजे मेली तर वाहत तुमच्याकडेच येईल.

दोन प्रॉपचं काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं, कारण ट्विन स्क्रू टग बांधून ती नुसत्या रडरवर चालवायची म्हणजे मेहनत फुकट. एक मोटर पुढे, एक मागे, बोट जागच्या जागी फिरली पाहिजे. आय६ मधे याला सोपा रस्ता म्हणजे एलेव्हॉन मिक्स, मेन्यूतली मुळात विमानासाठीची सोय. ते चॅनेल १ आणि २ एकमेकांत मिसळतं. डावी मोटर १ ला, उजवी मोटर २ ला, एलेव्हॉन ऑन, मग उजवी स्टिक वर केली की दोन्ही पुढे, बाजूला केली की एक पुढे एक मागे, कोपऱ्यात नेली तर दोन्हीचं मिश्रण. रडर ४ वर, डाव्या अंगठ्याला, वेगळा. दिशा उलटसुलट आली तर मेन्यूतला रिव्हर्स वापरा किंवा मोटरच्या दोन वायरी बदला, ब्रश्ड मोटरला काही होत नाही. आणि हो, मग फेलसेफ १ आणि २ दोन्हीला लावायचा.

यात रडर आणि मोटरचा फरक दोन्ही एकाच स्टिकवर येत नाही. ते हवं असेल, म्हणजे रडर थोडा वळवला की नुसता रडर आणि पूर्ण वळवला की आतली मोटर आपोआप कमी, तर एजटीएक्सचा सेट लागेल, त्यात कुठलाही इनपुट कुठल्याही चॅनेलला हव्या त्या टक्क्याने लावता येतो. नाहीतर बोटीत बसवायचा मिक्सर मिळतो, इंग्लंडच्या ॲक्शन इलेक्ट्रॉनिक्सचा पी९४ तिकडच्या टगवाल्यांमधे फेमस आहे, दोन ईएससी आणि मिक्सर एकाच बोर्डावर. पण इकडे मागवून कस्टम भरण्यापेक्षा तेवढ्यात सेटच बदलून होतो. माझं मत विचाराल तर पहिले काही वेळा दोन्ही मोटर एकाच वाय लीडवर (एका चॅनेलला दोन फाटे देणाऱ्या वायरीवर) ठेवून रडरनेच चालवा. बोट सरळ जाते का, पाण्यात सपाट बसते का, पाणी कुठून येतंय हे आधी कळू दे. मिक्सिंग आणि गळती एकाच दिवशी शोधायची म्हणजे डोक्याला ताप.

आता ज्यावर पैसे घालायचे ते. आधी मोटर किती अँपियर खाते ते मोजा. ५५५ हे फक्त डब्याचं माप आहे, त्यात हळू फिरणारी कमी खाणारीही येते आणि खाखा सुटलेलीही. बोट बाथटबात नाहीतर मोठ्या पिंपात, हाताने धरून, मल्टीमीटर १० अँपियरच्या रेंजवर सिरीजमधे, प्रॉप पाण्यात, मोटर फुल. जो आकडा येईल त्याच्या किमान दुप्पट, खरं तर तिप्पट ताकदीचा ईएससी. कारण आपल्या तलावात प्रॉपला काय लागेल सांगता येत नाही. गणपतीनंतर तर विचारूच नका, निर्माल्यातल्या हाराचा दोरा शाफ्टला असा गुंडाळला जातो की मोटर जाम. जाम मोटर म्हणजे स्टॉल करंट, चालू करंटच्या कितीतरी पट, आणि ते सगळं ईएससीतून. म्हणून प्रत्येक मोटरच्या पॉझिटिव्हला एक ब्लेड फ्यूज, स्कूटर-कारच्या स्पेअरच्या दुकानात होल्डरसकट मिळतो, मोजलेल्या करंटच्या थोडा वरचा. एवढ्याशा फ्यूजने हजार-दोन हजारांचा ईएससी वाचतो.

ईएससी बघताना तुम्हाला सगळीकडे एक पंखावाला दिसेल, वर मोठ्या अक्षरात ३२०ए लिहिलेलं. ३२० अँपियर त्याच्या त्या वायरीतून जाणंच शक्य नाही, वायर आधी जळेल. तरी दोन-चार अँपियरच्या मोटरला तो चालतो, वाईट नाही, फक्त त्यात ब्रेकवाला आणि बिनब्रेकचा असे दोन प्रकार येतात, बोटीला बिनब्रेकचा. ब्रेक म्हणजे कारचा प्रकार, स्टिक पहिल्यांदा मागे ओढली की ब्रेक, सोडून परत ओढली की रिव्हर्स. धक्क्याला लागताना हे डबल क्लिक करत बसलात तर लागलीच. हॉबीविंगचा क्विकरन १०६० याहून बरा, ६० अँपियर, वॉटरप्रूफही मिळतो, त्यात छोटा जंपर बदलून ब्रेकशिवाय सरळ फॉरवर्ड-रिव्हर्स करता येतं आणि दुसऱ्या जंपरने बॅटरीचा प्रकार निवडता येतो. लेड ॲसिडला लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरीचा) मोड ठेवू नका. पण एक बघा, तो ३ सेल लायपोपर्यंतचा आहे म्हणजे १२.६ व्होल्ट, आणि चार्जरवरून नुकतीच काढलेली लेड ॲसिड १३ च्या वर दाखवते. बॅटरी काढून थोडा वेळ ठेवा, किंवा जास्त व्होल्टचा ईएससी घ्या. खास बोटींसाठी बनवलेले म्हणाल तर ब्रिटिश एमट्रॉनिक्सचे व्हायपर मरीन, वॉटरप्रूफ आणि रिव्हर्स पूर्ण ताकदीचा, कोणी तिकडून येणार असेल तर दोन आणायला सांगा.

बीईसीकडे दुर्लक्ष करू नका, रेडिओचे निम्मे आजार तिथले असतात. ईएससीतून रिसीव्हरला लाल वायरीने जो ५-६ व्होल्ट येतो तो बीईसी. स्वस्त ईएससीत तो लिनियर असतो, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णतेत जाळतो. १२ चे ६ करायचे आणि सर्वोने १ अँपियर ओढला तर ६ वॉट नुसती उष्णता, बंद हलमधे, मुंबईच्या मे महिन्यात. तो गरम होऊन क्षणभर कट होतो, रिसीव्हर रिस्टार्ट, आणि माणूस म्हणतो रेंज कमी आहे. तुम्ही १२ व्होल्टवर आहात तेव्हा वेगळा ५ व्होल्ट ३ अँपियरचा स्विचिंग यूबीईसी घ्या, बॅटरीवरून थेट रिसीव्हरला, आणि दोन्ही ईएससीच्या प्लगमधली लाल पिन सुईने उचलून बाहेर काढून टेप मारा. कापायची गरज नाही. दोन ईएससी असताना दोन्ही लाल वायरी लावून ठेवायच्या नाहीतच, दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. आय६ सोबत येणारा आयए६ रिसीव्हर ४ ते ६.५ व्होल्टचा आहे, त्याच्या वर जाऊ नका. आयए६बी असेल तर अजून छान, त्याला सेन्सरचा पोर्ट आहे, सीव्हीटी०१ नावाचा व्होल्टेज सेन्सर लावला की मेन बॅटरी किती उरली ते सेटच्या स्क्रीनवर दिसतं. बोटीत मला हा सगळ्यात कामाचा टेलिमेट्री आकडा वाटतो, बाकी सगळी मजा.

सर्वोला लोक विनाकारण एमजी९९६आर घालतात, मेटल गिअर, दहा किलोच्या आसपास टॉर्क, स्वस्त. टगच्या रडरला ३ किलो-सेंटिमीटर भरपूर झाला, साधा स्टँडर्ड साइझचा नायलॉन गिअरचा ॲनालॉग चालतो. ९९६ स्टॉलला अडीच अँपियरपर्यंत ओढतो आणि बाजारात त्याच्या नकला इतक्या आहेत की मधे नीट परतही येत नाही, मग बोट सरळ जात नाही आणि तुम्ही ट्रिम फिरवत बसता. बारका एसजी९० वीतभर-दीड वीत लांबीच्या बोटीत घाला, ९० सेंटिमीटरच्या दोन रडरच्या टगमधे नको. आणि लिंकेज हाताने मोकळं फिरतंय का ते सर्वो लावायच्या आधी बघा, आय६ मधे एंड पॉइंट (सर्वोने किती फिरायचं ती हद्द) कमी करून रडर अडणार नाही असं करा, अडलेला सर्वो दिवसभर कुंथत बसतो आणि बीईसी पितो.

मोटरला सिरॅमिक कपॅसिटर लावा, १०४ नंबरचे, एक दोन टर्मिनलमधे आणि एकेक प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या बॉडीला. लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात बुधवार पेठेत चिल्लर पैशात मिळतात. आय६ ज्यावर चालतो त्या २.४ गिगाहर्ट्झला ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास जुन्या सेटइतका होत नाही, पण सर्वो थरथरणं कमी होतं, आणि सोल्डरिंग आयर्न गरम आहेच तर पाच मिनिटांचं काम.

रेंजबद्दल. डब्यावर ५०० मीटर लिहिलंय का हजार, हे विसरा. १०० मीटरवर तुमची ९० सेंटिमीटरची टग हात लांब करून धरलेल्या बोटाच्या नखाच्या निम्मी दिसते, येतेय का जातेय कळत नाही, त्यामुळे त्याच्या पुढे रेंज असून करणार काय. पण पाण्यावर एक खरी अडचण आहे. रिसीव्हरचा अँटेना पाण्यापासून जेमतेम १०-१५ सेंटिमीटर वर असतो, तुमचा हात छातीएवढा, सिग्नल पाण्याला घासत जातो, आणि पाण्यावरून परावर्तित होऊन आलेला सिग्नल सरळ आलेल्याला मारतो. म्हणून जमिनीवर छान चाललेला सेट पाण्यावर लवकर दम तोडतो. शिवाय २.४ ला पाणी सहन होत नाही, ओली पानं, जलपर्णी, पाणकणसं मधे आली की सिग्नल शोषला जातो. पवईत जलपर्णीचे गालिचे असतात तेव्हा त्यांच्या पलीकडे बोट नेणं म्हणजे स्वतःहून भानगड, आणि तिथे बोट आणायला पाण्यात उतरायचीही सोय नाही, मगरी आहेत, थट्टा नाही करत.

तेव्हा अँटेना उंच. टगला मोठं व्हीलहाउस (डेकवरची केबिन) असतं, त्याचा फायदा घ्या. आयए६ ला दोन अँटेना आहेत, त्या वायरीचं फक्त शेवटचं उघडं टोक, साधारण ३ सेंटिमीटर, खरं काम करतं, मागचा जाड भाग नुसता केबल आहे. ती टोकं व्हीलहाउसमधे स्ट्रॉमधे घालून एकमेकांना काटकोनात चिकटवा, एक उभं एक आडवं, पितळी रेलिंग आणि ॲल्युमिनियमपासून लांब. टोक कापायचं नाही, लांब वाटलं तरी. रिसीव्हर हलच्या तळाला नाही, वर बल्कहेडला (हलमधल्या आडव्या भिंतीला) वेल्क्रोने. फुग्यात घालून तोंड बांधायची जुनी आयडिया आहे, शिंतोड्यांना ठीक, पण पावसाळ्यात आत दमट हवा कोंडून घाम धरतो, घालायचाच तर चालवून झाल्यावर काढून ठेवा. खाडीच्या नाहीतर समुद्राच्या पाण्यात चालवणार असाल तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं आलंच, मीठ कनेक्टर खाऊन टाकतं. आणि ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक बोटीकडे रोखून धरू नका, बंदुकीसारखं सगळे धरतात, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो. अँटेना वाकवून आडवा बाजूला करा.

पिस्तूल ग्रिप वाईट नाही, फास्ट इलेक्ट्रिक बोटीला मी तोच सांगेन, ट्रिगर सोडला की बंद, चाक फिरवलं की वळली, अंधारातही चालवता येतो. डंबोआरसी एक्स६ सारखे स्वस्त आहेत, रेडिओमास्टरचा एमटी१२ तर एजटीएक्सवर चालतो. पण तुम्हाला दोन मोटर, पंप, दिवे, हॉर्न करायचंय, तिथे दोन स्टिकच बऱ्या. शिडाच्या बोटीला उलट, दोनच चॅनेल लागतात, रडर आणि शीट विंच (शिडाची दोरी ओढणारी), इंटरनॅशनल वन मीटर क्लासमधे नियमच तो आहे, आणि तिथे ती बिनस्प्रिंगची टकटक स्टिकच हवी असते. तिथे पैसे विंचवर घालायचे.

दहा चॅनेलचं दुकानदाराचं म्हणणं सोडून द्या. कागदावर लिहा बोट काय काय करणार. दोन मोटर, रडर, झाले ३. वॉटर मॉनिटरचा पंप ४. नेव्हिगेशन दिवे ५, टोइंग हुक सोडायचा छोटा सर्वो ६. संपलं. दिव्यांना तर चॅनेलचीही गरज नाही, साधा टॉगल स्विच डेकच्या झाकणाखाली लावला तरी चालतं, दिवे काय पाण्यात मधेच बंद करणार आहात? उद्या नवीन सेट घ्यायचाच झाला तर माझं मत रेडिओमास्टरच्या बाजूने, इएलआरएस (एक्सप्रेसएलआरएस ही खुली रेडिओ सिस्टिम) २.४ वाला. रिसीव्हर कुठल्याही कंपनीचा इएलआरएस २.४ असला तरी जुळतो, फक्त फर्मवेअरचा मोठा आकडा दोन्हीकडे सारखा हवा आणि रिसीव्हर पीडब्ल्यूएम पिना (ज्यांना सर्वो थेट लागतो) असलेला बघून घ्यायचा, ड्रोनच्या टिकलीएवढ्या रिसीव्हरला सर्वो लागत नाही. शिकायला मात्र वेळ लागतो, मेन्यू बघून पहिल्या दिवशी घाम फुटतो.

राहिला तो क्रिस्टलवाला सेट. बोटीसाठी तो काढूच नका. त्यात ट्रान्समीटर आणि रिसीव्हरचे क्रिस्टल जोडीचे लागतात, ते आता सहज मिळत नाहीत, फेलसेफ बहुतेक जुन्या सेटमधे नसतोच, आणि प्रत्येक देशाच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या, अमेरिकेत ७५ मेगाहर्ट्झ जमिनीवर-पाण्यावर, इंग्लंडमधे ४०, आपल्याकडे चालवायला परवाना लागेल का हा वेगळा प्रश्न. २.४ ला आपल्याकडे ठरलेल्या ताकदीच्या आत २००५ पासून परवाना लागत नाही, ती कटकटच नाही. जुना सेट फक्त एका माणसाला उपयोगी, ज्याला पाणबुडी करायचीय, कारण २.४ चा सिग्नल पाण्याखाली जातच नाही आणि ४० मेगाहर्ट्झसारख्या कमी फ्रिक्वेन्सीचा गोड्या पाण्यात थोडा खाली जातो. तसा कोणी भेटला तर त्याला देऊन टाका, खूश होईल.

पहिल्यांदा सोसायटीच्या पूलमधे चालवा, मुलं नसताना. तलावावर न्यायच्या आधी तिथल्या बोटिंगवाल्याला विचारा, सकाळी लवकर शक्यतो ते काही बोलत नाहीत. सोबत फिशिंग रॉड ठेवा, दोरीला टेनिस बॉल बांधून, बंद पडलेल्या टगच्या पलीकडे टाकून हळू ओढली की येते. बॉलला हुक लावू नका, रेलिंग तुटतं.